आतली वाट

गच्चीवरची ती अँटेनाची तबकडी त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि नट आवळायला तिसरा हात कुठून आणावा या विचारात तो होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. वाजू दे मेला, म्हणून तो तसाच उभा राहिला. फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. शेवटी त्याने तबकडी खांद्याने रेटून धरली, पाना दातांत पकडला आणि फोन काढला.

फोन मुलीच्या बापाचा होता. म्हणजे त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा.

"अहो, भिंगरी जिन्यात बसलीय," बाप घाईघाईने म्हणाला. "चावी हरवली म्हणते. मी मीटिंगमध्ये होतो, तिचा मेसेज आत्ता बघतोय. दीड तास झाला की हो! तुम्ही जाल का जरा?"

त्याने पाना तोंडातून काढला.

"जातो."

"तुमच्या कामात उगाच..."

"छे, त्यात काय. निघालोच."

फोन ठेवल्यावर तो जरा वेळ तिथेच उभा राहिला. हॉस्पिटलच्या या गच्चीवरून त्याचं घर दिसायचं. घर कसलं, इमारतीची मागची बाजू आणि जिन्याच्या खिडक्यांची उभी रांग. त्यातल्याच एका खिडकीमागे पोर दप्तर मांडीवर घेऊन बसली असणार. उठून मागच्या फाटकातून चालत आली असती तर एव्हाना चावी घेऊन घरी गेली असती, खाऊनपिऊन झोपलीही असती. पण नाही. तिची हाक आधी रात्रभराच्या प्रवासावरच्या गावी गेली, तिथे मीटिंग संपेपर्यंत ताटकळली आणि मग तिथून वळसा घेऊन या गच्चीवर आली. त्याला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

भिंगरी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव, ते सतराव्या वर्षीही सुटलं नव्हतं. आता मात्र ती तासन् तास एका जागी बसू शकायची.

"सॉरी काका," ती उठत म्हणाली. "कुठेतरी पडली चावी."

"होतं असं. मी दुसरी करून आणतो."

"मी बाबांना कळवलं होतं."

"हो, आला त्यांचा फोन. बरं केलंस."

बरं केलंस! स्वतःच्या तोंडचे शब्द ऐकून त्याला स्वतःचीच कीव आली. पण सवय होती ती, आजकालची नव्हे.

तो या घरात आला तेव्हा भिंगरी आठ वर्षांची होती. या पोरीला आपला जाच होता कामा नये, असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. ओरडायचं नाही, अडवायचं नाही, काही मागायचं नाही. तिची ताटली तो उचलायचा, अंघोळीचं पाणी आधी तिला सोडायचा, ती सोफ्यावर येऊन बसली की टीव्हीचा रिमोट न बोलता तिच्याकडे सरकवायचा. बायको हसायची. "अरे, तू या घरात भाडेकरू आहेस का रे?" म्हणायची. ती होती तोवर तेही खपून गेलं, कारण या दोघांमधलं सगळं तिच्यामार्फतच चालायचं. भिंगरीला सहलीला जायचं असलं की ती आईला सांगायची आणि आई त्याला. त्याला पोरीची काळजी वाटली की तो बायकोला सांगायचा आणि बायको तिला. मागच्या वर्षी बायको गेली. थोड्याच दिवसांचं दुखणं, तेही याच हॉस्पिटलात. मग घरात दोन माणसं उरली, एकमेकांशी कमालीच्या सौजन्याने वागणारी.

आणि सगळं बापाकडे जायला लागलं. नळ गळतोय, बाबा. डोकं दुखतंय, बाबा. हा शेजारच्या खोलीत हत्यारांची पेटी घेऊन बसलेला, आणि नळाची बातमी त्याला बापाच्या फोनवरून कळायची. बाप काही वाईट माणूस नव्हता, बिचारा दर वेळी ओशाळायचा. तिकडे त्याचा दुसरा संसार होता, लहान मुलं होती. फोन घ्यायला त्याला उशीर व्हायचा, काही करायला त्याहून उशीर. भिंगरी वाट बघायची.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "काका, रविवारी बाबा येणार आहेत."

"बरं. जेवायलाच येऊ दे त्यांना."

"ते म्हणतात, पुढचं कॉलेज तिकडे कर. त्यांच्याकडे राहून. रविवारी त्यांना नक्की काय ते सांगायचंय." तिने पाण्याचा पेला उगाचच इकडचा तिकडे केला. "तुमचं काय म्हणणं आहे?"

जाऊ नकोस, असं त्याला म्हणायचं होतं. तू गेलीस तर या चार भिंतींत मी कुणासाठी परत येऊ, असं ओरडून विचारायचं होतं.

"तुला पटेल तसं कर," तो म्हणाला. "माझी काही अडचण नाही."

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि ताटली तिथेच ठेवून आत गेली. त्याने ती उचलली आणि धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडांचे डॉक्टर हॉस्पिटलातल्या त्याच्या खोलीच्या दारात उभे.

"तुमच्या त्या फायबर केबलचं उद्घाटन झालं होतं ना हो? मी टाळ्या वाजवल्याचं आठवतंय."

"झालं होतं, डॉक्टर."

"मग मागच्या इमारतीतला स्कॅन माझ्यापर्यंत यायला एवढा वेळ का लागतो? पेशंट भूल घेऊन पडलाय आणि मी पडद्याकडे डोळे लावून बसलोय! काल शेवटी वॉर्डबॉयला पळवलं पेन ड्राइव्ह देऊन. रस्ता ओलांडून तो तुमच्या यंत्राच्या आधी पोचला."

"बघतो, डॉक्टर."

"ते तुम्ही उद्घाटनापासून बघताय," डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले.

तक्रार खोटी नव्हती. हॉस्पिटलच्या दोन इमारती, मधून मोठा रस्ता. स्कॅन मागच्या इमारतीत निघायचे आणि डॉक्टर बसायचे पुढच्या इमारतीत. दोन्हीकडे एकेक मोठा राउटर, म्हणजे कुठली माहिती कुठल्या वाटेने धाडायची ते ठरवणारं यंत्र. पूर्वी दोघांत एकच वाट होती, गच्चीवरच्या तबकड्यांची रेडिओ लिंक. संथ, म्हातारी, वारा सुटला की लटपटणारी. मग रस्त्याखालून फायबर आली, भलती वेगवान. राउटरमध्ये प्रत्येक वाटेला एक आकडा द्यायचा असतो, त्याला कॉस्ट म्हणतात. आकडा लहान तितकी वाट स्वस्त, आणि राउटर स्वस्त वाट धरतो. एवढा सरळ हिशोब. म्हणून त्याने फायबरचा आकडा उतरवत उतरवत एकावर आणला. तरी स्कॅन रेडिओनेच जात राहिले. मग त्याने रेडिओचा आकडा वाढवला, आणखी वाढवला, यंत्र घेईल तेवढा मोठा करून ठेवला. स्कॅन आपले रेडिओनेच, लटपटत. रेडिओ बंदच करून टाकू म्हटलं तर अधीक्षक हात जोडायचे. कुणी रस्ता खणला आणि फायबर तुटली म्हणजे काय करायचं, जुनं असू द्या, असं त्यांचं म्हणणं. चूक तरी कसं म्हणावं? म्हणून तो बापडा गच्चीवर जाऊन नट आवळत बसायचा.

"हाडांचे डॉक्टर तुमची हाडं मोजून गेले वाटतं," समोरच्या टेबलावरून पहारेबाई म्हणाल्या. हॉस्पिटलच्या नेटवर्कमध्ये बाहेरून कोण शिरतंय यावर नजर ठेवायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना पहारेबाई म्हणत. निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यांनी पिडलेल्या आणि तोंडाने फटकळ.

"त्यांचं बरोबरच आहे हो. मीच दमलो आता. आकडा आणखी किती खाली आणू? एकाच्या खाली काही नसतंच."

"दाखवा इकडे. तुम्ही दमलात की मला बघवत नाही. चेहरा आधीच असा, त्यात आणखी."

त्यांनी खुर्ची चाकांवरून ढकलत त्याच्या पडद्यासमोर आणली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मोठं नेटवर्क सांभाळायला सोपं जावं म्हणून त्याचे भाग पाडतात, एकेका भागाला एरिया म्हणतात. पडद्यावरच्या नकाशात ते वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले होते.

"रेडिओ कुठल्या एरियात?" पहारेबाईंनी विचारलं.

"एक नंबरच्या. स्कॅनची यंत्रं आणि डॉक्टरांचे कॉम्प्युटर आहेत त्याच."

"आणि फायबर?"

"शून्य नंबरच्या. तो मधला, सगळ्यांना जोडणारा."

पहारेबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो देवा! तुम्ही एवढे जुने माणूस! एरियातल्या एरियात वाट मिळत असली की हा राउटर बाहेरच्या वाटेकडे ढुंकूनही बघत नाही. आतली कितीही महाग असो, बाहेरची फुकट का असेना. आकडे ताडून बघतो तो फक्त आतल्या आतल्या वाटांचे. तुमच्या फायबरचा आकडा त्याने ताडायला घेतलेलाच नाही. तुम्ही आपले भाव पाडताय, पाडताय, आणि माल त्या बाजारात मांडलेलाच नाही!"

हे त्याला माहीत होतं. नोकरी लागायच्या आधीच शिकला होता, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आधी आतली वाट, ती नसेल तर बाहेरची, आणि आकड्याची गोष्ट त्यानंतर. पण इतकी वर्षं आकडेच फिरवत राहिला, आणि पहिला नियम डोक्यातून पार गेला. आपण गच्चीवर जाऊन गुडघे झिजवले ते कशासाठी, या विचाराने त्याला आणखीच थकल्यासारखं झालं.

"म्हणजे रेडिओ बंदच करावा लागणार," तो म्हणाला.

"कशाला? त्या रेडिओने काय तुमचं घोडं मारलंय? राहू दे की त्याला. फायबरचा एक पदर एक नंबरच्या एरियात घ्या. एकाच घरातली झाली दोघं. मग बघा, तुमच्या त्या एकाला कशी किंमत येते ते." त्या खुर्ची मागे ढकलत म्हणाल्या, "मात्र एक आहे हं. आत घेतलीत की ती पाहुणी राहिली नाही. त्या एरियात काही उलथापालथ झाली की तिलाही सगळ्यांबरोबर झळ बसणार."

तो पडद्यावरच्या रंगांकडे बघत राहिला.

"अहो, रडताय की काय?"

"छे हो. झोप झाली नाही रात्री."

तो रडत नव्हता. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती काल धुतलेली ताटली होती. आपणही भावच पाडत आलो. काही मागितलं नाही, कशाला नाही म्हटलं नाही, आपला भार कुणाला वाटू नये म्हणून जीव टाकला. एवढा स्वस्त माणूस घरात असून पोर दीड तास जिन्यात बसली, आणि तरी तिच्या मनात आपला नंबर लावावा असं आलं नाही. तिला दोष द्यायला जागाच नव्हती.

शनिवारी दुपारी बाहेरचे रुग्ण गेल्यावर त्याने आणि पहारेबाईंनी मिळून काम उरकलं. फारसं नव्हतंच ते. मागच्या इमारतीतल्या तंत्रज्ञाने एक मोठा स्कॅन धाडला आणि "पाठवला हं" असं फोनवर म्हणेपर्यंत तो इकडे उघडलाही. रेडिओ जागच्या जागी चालू होता, गरज पडली तर हजर. संध्याकाळी हाडांचे डॉक्टर भेटले, म्हणाले, "आज बरं चाललंय तुमचं. वारा नाही ना, म्हणून असेल."

"घ्या," पहारेबाई म्हणाल्या, "श्रेय वाऱ्याला!" आणि पोट धरधरून हसल्या. तोही हसला. घरी जाताना मात्र त्याची पावलं जड झाली होती. उद्या रविवार होता.

भिंगरी सोफ्यावर पाय पसरून मोबाइल बघत होती. टेबलावर उष्टी ताटली, खुर्चीवर ओला टॉवेल. त्याने सवयीने ताटलीकडे हात नेला आणि थांबला.

"भिंगरी, ताटली उचल."

"अं?"

"ताटली उचल. टॉवेल वाळत घाल. आणि चावी तुझी तू करून आण. कोपऱ्यावर दुकान आहे, नमुन्याला माझी घेऊन जा."

ती उठून बसली. "तुम्ही आणतो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. आता नाही आणत. चावी तू हरवलीस."

"काका, काय झालंय तुम्हाला?"

"काय व्हायचंय?" त्याचा आवाज चढला तसा तो स्वतःच दचकला, पण आता थांबता येईना. "दीड तास जिन्यात बसतेस! मी इथे हाकेच्या अंतरावर. मला फोन करता येत नाही? मी काय मेलोय का?"

शब्द बाहेर पडून गेला. गेलं वर्षभर या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.

"तुम्ही कामात असता," ती हळूच म्हणाली. मग तिच्या नाकपुड्या फुगल्या, अगदी आईसारख्या. "आणि तुम्ही तरी कधी काही बोलता का? काही सांगितलं की बरं, नाही सांगितलं तरी बरं! मी जाऊ का विचारलं, तर म्हणे माझी काही अडचण नाही! मला कळतच नाही, मी तुम्हाला हवीय का नकोय ते. बाबा निदान वैतागतात तरी!"

तिने ताटली उचलली, नेऊन सिंकमध्ये आदळली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्याचं उत्तर ओठांवर आलं तोवर आतून कडी वाजली होती.

तो खुर्चीत बसला. संपलं, त्याला वाटलं. थोडीफार राहायची शक्यता असेल तर तीही आपण आज घालवली. नको ते शहाणपण सुचलं. दारावर टकटक करावी, सॉरी म्हणावं, चल झोप आता, मीच आणतो चावी, असं म्हणावं, हे कितीदा तरी मनात आलं. तो उठला नाही. ती जाणार असली तरी निदान आपण काहीतरी खरं बोललो, अशी स्वतःची समजूत घालत राहिला, आणि ती समजूत काही त्याला पटली नाही.

रविवारी सकाळी बाप आला. रात्रभराच्या प्रवासाने चुरगळलेला, दाढी वाढलेली. सोफ्याच्या कडेवर बॅग मांडीवर धरून बसला.

"प्रवास नीट झाला ना?"

"ठीक. बस वाटेत बंद पडली, ढकलायला उतरवलं सगळ्यांना." बापाने डोळे चोळले. "तुम्हीही दमलेले दिसता."

"चालायचंच."

त्याने चहा केला. भिंगरी बाहेर आली आणि दोघांपासून लांब, स्टुलावर बसली. सकाळपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मग भिंगरे?" बाप जरा जास्तच उत्साहाने म्हणाला. "काय ठरलं? तिकडे तुझ्या खोलीचं काम काढलंय. म्हणजे खोली अशी नाही, गॅलरी बंद करून घेतोय. पण उजेड छान येतो हं."

भिंगरीने कप खाली ठेवला. तो फरशीकडे बघत होता. आता ती काय म्हणणार हे त्याला माहीत होतं, आणि तरी ते ऐकायला लागू नये म्हणून त्याने श्वास धरला होता.

"काका नाही म्हणतात," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"नाही म्हणतात?" बाप गोंधळला. "पण तूच मला म्हणालीस, त्यांची काही अडचण नाही म्हणून."

"तेव्हा नव्हती. काल बदललं त्यांचं. ओरडले माझ्यावर."

बाप त्याच्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"तुम्ही नाही म्हणालात?"

भिंगरी त्याच्याकडे बघत नव्हती. नखावरचा रंग खरवडत होती, फार मन लावून. कान मात्र लाल झाले होते.

"हो," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत पुन्हा म्हणाला, "हो. नाही म्हणालो. ती इथेच राहील. मला ती इथे हवीय."

बापाने मांडीवरची बॅग खाली ठेवली आणि आल्यापासून पहिल्यांदा सोफ्याला पाठ टेकली.

"बरं," तो म्हणाला. "सुट्टीत तरी पाठवाल ना?"

"पाठवीन की. पण आधी अभ्यास आटपायचा, मग."

"बघितलंत ना, बाबा?" भिंगरी नखावरची नजर न हलवता, अगदी जेरीला आल्यासारखी म्हणाली. "हे असंच असतं यांचं. कुणाचं ऐकतच नाहीत. रोजचं आहे."